पितळी ‘ग्रिसवोल्ड’ आणि माझे बावीसशे डॉलर

नेमबाजीच्या मैदानावर माझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये, म्हणजे दारू-गोळी भरायच्या कप्प्यात, टाकलेली गोळी आत खुळखुळली. मी रॅमर, म्हणजे गोळी दाबून बसवायची नळीखालची दांडी, ओढणार इतक्यात शेजारच्या बाकावरचे वयस्कर गृहस्थ मोठ्याने ओरडले, ‘थांब!’ त्यांच्यामुळे माझा हात वाचला, असं मी आजही मानतो.

ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी चेंबरपेक्षा किंचित मोठीच लागते. दारूवर ती दाबून बसवताना कडेने शिशाची बारीक कडी कापली जाते. ती दिसली की चेंबर नीट बंद झालं. गोळी सैल असेल, तर एक बार उडताना त्याची आग शेजारच्या चेंबरमध्ये शिरू शकते आणि हातातच दोन-तीन बार एकदम उडतात. माझ्या गोळ्या .375 इंचाच्या होत्या, .36 कॅलिबरला (नळीच्या व्यासाचं इंचातलं माप) चालणाऱ्या. त्या गृहस्थांनी कॅलिपर, म्हणजे व्यास मोजायचं साधन, लावला. चेंबर निघालं .44 चं.

आमच्या कोकणातल्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. तिची ओढ मनात होतीच. पेनसिल्व्हेनियात आल्यावर गेटिसबर्गचं रणांगण पाहिलं आणि अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातलं एखादं हत्यार आपल्याकडे असावं असं वाटू लागलं. एका शस्त्रप्रदर्शनात एका खाजगी विक्रेत्याने हे रिव्हॉल्व्हर ‘ग्रिसवोल्ड’ म्हणून दाखवलं. गंजाचे डाग, झिजलेली मूठ, सोबत जुनाट कागदावरची ‘पणजोबांची’ चिठ्ठी. दक्षिणेकडे पोलादाची टंचाई होती, म्हणून जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिल इथे कोल्ट नेव्ही या रिव्हॉल्व्हरची नक्कल पितळी चौकटीत केली, असं त्याने सांगितलं. हा इतिहास खरा आहे. 1862 पासून तिथे साडेतीन हजारांवर रिव्हॉल्व्हर बनली आणि 1864 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तरेच्या घोडदळाने तो कारखाना जाळला. घरी जाऊन मी हे सगळं वाचलं, पटलं, आणि दुसऱ्या दिवशी रोख पैसे देऊन आलो. इतिहास खरा निघाला, म्हणून वस्तूही खरी धरली. माझी चूक इथे झाली.

खऱ्या ग्रिसवोल्डचं कॅलिबर .36 असतं आणि नळी पुढे गोल असते. माझ्या हातातली नळी टोकापर्यंत अष्टकोनी होती, नेव्हीसारखी, आणि कॅलिबर .44. अशी जोडणी आजच्या इटालियन प्रतिकृतींत सर्रास मिळते. नवी घ्यायची तर तीनशे डॉलरच्या आसपास. नळीच्या एका पैलूवर बोट फिरवलं तर मध्ये खळगा लागत होता. कानशीने काहीतरी घासून काढलं होतं. रॅमर खाली ओढल्यावर नळीच्या पोटाशी एक खूण मात्र शिल्लक राहिलेली सापडली: चांदणी आणि तिच्याखाली ‘पीएन’ ही रोमन अक्षरं. इटलीत काळ्या दारूच्या हत्यारांवर चाचणीनंतर मारतात तीच ती खूण.

विक्रेत्याचा फोन लागला नाही. आयोजक म्हणाले, हा तुमचा दोघांचा खाजगी व्यवहार. इथल्या संघीय कायद्यात 1898 पर्यंतची हत्यारं आणि ठासणीच्या प्रतिकृतीही ‘अँटिक’ धरतात. त्यामुळे परवानाधारक दुकानदाराची नोंदही झालेली नव्हती. पोलिसांत तक्रार दिली, पण दाखवायला पावतीच नाही.

खरी ग्रिसवोल्ड बावीसशे डॉलरला कुणीही देत नाही. तिला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. कुणी तुमच्यासमोर अशी वस्तू ठेवली, तर पैसे काढण्याआधी चेंबरला कॅलिपर लावा, रॅमर खाली ओढून नळीचं पोट पाहा, पैलूंवरून नख फिरवा. विक्रेता घाई करू लागला, तर तिथून निघा. पावतीवर ‘मूळ, 1860 च्या दशकातली’ असं त्याच्या सहीनिशी लिहून मागा. मी मागितलं असतं, तर त्याने ते लिहून दिलं नसतं, एवढं मला आता पक्कं वाटतं.

ते रिव्हॉल्व्हर मी विकलं नाही. ‘इटालियन प्रतिकृती, खुणा घासलेल्या’ अशी चिठ्ठी पेटीत आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहे. पणजोबांची ती चिठ्ठी पोलिसांकडे दिली.