घरी बघायला ‘झुंड’ की ‘फँड्री’?

दोन्ही चित्रपट नागराज मंजुळेंचे. ‘फँड्री’ २०१३ चा, मराठी, पावणेदोन तासांच्या आसपास. ‘झुंड’ २०२२ चा, हिंदी, जवळपास तीन तास. लागोपाठच्या दोन रात्री घरी बसून पाहिले, म्हणून तुलना आपसूकच झाली.

‘झुंड’ आपल्या नागपूरचा. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसेंवर बेतलेली अमिताभची भूमिका आहेच, पण खरा जीव पोरांत. त्यांची बोली ऐकून आमच्या घरात आई-बाबाही खुलले. मला मात्र सगळ्यात भिडला तो पासपोर्टसाठी कागदपत्रं गोळा करत फिरणाऱ्या आदिवासी मुलीचा आणि तिच्या वडिलांचा भाग. उत्तरार्ध मात्र लांबलाय, चहाची एक फेरी आरामात होते.

‘फँड्री’त ती सोय नाही. डुक्कर पकडायच्या ऐन वेळी शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि दलित घरातल्या शाळकरी जब्याचं, म्हणजे नायकाचं, घरदार जागच्या जागी ताठ उभं राहतं. या एका प्रसंगात जे सांगून होतं, त्यासाठी ‘झुंड’ला कोर्टातलं भाषण लागतं. किशोर कदमांनी केलेला बाप तर डोक्यातून जात नाही.

माझं मत सरळ ‘फँड्री’ला. पण लहान मुलं, आजी, सगळे एकत्र बसणार असाल तर ‘झुंड’ लावा. ‘फँड्री’ शक्यतो मोबाइल बाजूला ठेवून, रात्री, एका बैठकीत.