कैद्यांच्या ताटात भात कोणता: सुरय की उकडा?

रत्नागिरीच्या किंवा सावंतवाडीच्या कारागृहातल्या माणसाला बाहेर जाऊन वेगळं काही खाता येत नाही. ताटात येईल तेच त्याचं पोषण.

सुरय, म्हणजे न उकडता काढलेला तांदूळ, लवकर शिजतो, पण पॉलिश करताना कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जातं. उकड्यासाठी भात सालासकट उकडतात, त्यामुळे ते दाण्यात मुरतं आणि गिरणीतून काढल्यावरही बरंचसं टिकतं. १८९०च्या दशकात डच डॉक्टर व्हॉर्डरमन यांनी जावा बेटावरचे तुरुंग तपासले, तेव्हा पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत बेरीबेरी, म्हणजे ब-१च्या अभावाने होणारा रोग, कितीतरी जास्त आढळला.

उकड्याला इंधन जास्त लागतं, हे खरं. तरी मी उकडाच निवडेन. त्याची पेज मात्र ओतून देऊ नये, कैद्यांना वाढावी. पाण्यात उतरलेलं ब-१ तिच्यातच असतं.