संडास आधी की वाटी आधी? लहान मुलांच्या पोटासाठी करायची एक निवड

हाताशी थोडा निधी आहे, दोन-तीन कार्यकर्त्या आहेत आणि दहा-बारा गावांतली दोन वर्षांखालची मुले आपल्या यादीत आहेत, अशा माणसासमोर हा प्रश्न आज ना उद्या येतोच: आधी स्वच्छता धरायची की आधी मुलांचे भरवणे? दोन्ही करावे, हे उत्तर बरोबर असले तरी कामाचे नाही. कार्यकर्ती एका घरी महिन्यातून एकदा, फार तर तासभर बसते आणि त्या तासात सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी आईच्या मनात एखादीच राहते. ती कोणती असावी एवढेच खरे तर आपल्याला ठरवायचे असते. मी हा निर्णय दोनदा घेतला आहे, आणि दोन्ही वेळा वेगवेगळा, त्यामुळे पुढचे लिखाण पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा मला करता येणार नाही. सहा महिने निव्वळ आईचे दूध, त्यानंतर वरचे अन्न, शौचाहून आल्यावर साबणाने हात, हे सारे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

पहिल्या वेळी मी स्वच्छता निवडली आणि त्यामागे चांगले कारण होते. 2009 मध्ये संशोधक जीन हम्फ्री यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेला विचार तेव्हा आमच्यासारख्यांच्या चर्चांत सारखा येत असे. मूल खुजे राहते ते केवळ जुलाबांमुळे नव्हे. रोज थोडी थोडी घाण पोटात जात राहिल्याने लहान आतडे कायमचे धुमसत राहते आणि वाढ तिथे अडते, असा तो विचार होता. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात व अन्नरस त्यांच्यातूनच शोषला जातो. ते बोथट होतात, अस्तराची वीण सैल पडते, जंतूंचे अंश त्यातून आत झिरपतात आणि शरीराची शक्ती उंची वाढवण्याऐवजी त्यांच्याशी लढण्यात खर्च होते. मूल वरवर धडधाकट दिसते, जुलाब होतातच असे नाही, पण खाल्लेले अंगी लागत नाही. गांबियातल्या 1991 च्या एका अभ्यासात वाढ मंदावण्याचा 43 टक्क्यांपर्यंतचा भाग आतड्याच्या या झिरपण्याशी जोडता आला होता. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) राहिलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या आतड्यांतही असेच बदल आढळले होते आणि मायदेशी परतल्यावर ते हळूहळू भरून आले होते. म्हणजे दोष रक्तात नाही, परिसरात आहे. इतके नेटके तर्कशास्त्र हाती आल्यावर संडास आणि साबण यांच्याखेरीज दुसरे काही सुचणेच कठीण होते.

आम्ही संडासांसाठी पाठपुरावा केला आणि घरोघरी हात धुण्याचे डबे टांगले. दोन खुंटांवर आडवी काठी, तिच्यावर पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन, खाली पायाने दाबायची काडी आणि शेजारी दोरीला बांधलेला साबण. पायाने काडी दाबली की कॅन तिरपा होतो आणि हाताला न शिवता पाण्याची बारीक धार येते. वस्तू म्हणून मला ती अजूनही आवडते. खर्च जवळजवळ नाही, पाणी बेताचे लागते आणि पोरांना तिच्याशी खेळायलाही गंमत वाटते.

मात्र याच डब्याने माझे मत फिरवले, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. तो नेहमी रिकामा असायचा. मोडलेला नसायचा, चोरीला गेलेला नसायचा, कुणाचा त्याला विरोधही नसायचा. नुसता रिकामा असायचा. घरात शिरताना त्याच्यावर टिचकी मारायची मला सवयच लागली होती आणि त्या पोकळ आवाजावरून पुढची भेट कशी जाणार हे आधीच कळायचे. दोरीवरचा साबण उन्हाने तडकलेला, भेगांत माती बसलेली. सुरुवातीला मी हे आळसाच्या खाती टाकले, याची आता लाज वाटते. एका घरी मी जरा कुरकुरीच्या सुरात विचारले, तेव्हा कडेवर मूल घेतलेली बाई अगदी सरळपणे म्हणाली, ‘‘भाऊ, तुम्ही येणार हे कालच कळलं असतं तर भरून ठेवला असता.’’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. घरातले सगळे पाणी तीच डोक्यावरून आणत होती. आम्ही तिच्या दिवसात आणखी एक भांडे वाढवले होते, आणि ते असे की आज भरले तरी उद्या पुन्हा रिकामे होणार होते. त्या डब्यातून तिला स्वतःला काय मिळाले हे संध्याकाळी दाखवता येत नव्हते. जुलाब झाला नाही, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी अडचण अंगणात होती. एका सकाळी मी मुद्दाम काही न बोलता एका ओट्यावर बसून राहिलो. आईने साबणाने हात धुतले (त्या दिवशी डबा भरलेला होता), आजीनेही धुतले आणि नऊ-दहा महिन्यांचे मूल ओट्यावरून उतरून कोंबड्यांच्या मागे रांगत गेले. पाचेक मिनिटांत त्याने मातीची चिमूट तोंडात घातली, मग एक वाळकी काडी, मग कोंबडी जिथून नुकतीच उठली होती तिथले काहीतरी. झिंबाब्वेतल्या 23 घरांत संशोधकांनी बालकांच्या मागे तासन्‌तास बसून अशाच नोंदी केल्या होत्या आणि माती व कोंबडीची विष्ठा खाणारी मुले त्यांनाही आढळली होती. संडास मोठ्यांची शौचाची सोय करतो. रांगत्या मुलाच्या तोंडात जाते ती घाण बरेचदा जनावरांची, किंवा त्याच्याच धाकट्या-थोरल्या भावंडांची असते. घरोघरी ती ‘लेकराचीच तर शी आहे’ म्हणून परसात टाकलेली मी पाहिली आहे. शिवाय एका घराने सगळे नीट केले तरी शेजारच्या कोंबड्या काही कुंपण ओळखत नाहीत. स्वच्छता ही अख्ख्या वस्तीने एकदम करायची गोष्ट आहे, आणि अख्खी वस्ती एकदम काही करताना मी क्वचितच पाहिली आहे.

माझ्या दहा-बारा गावांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे. पण मोठ्या चाचण्यांचा कलही तिकडेच दिसला. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात 100 गावांत चाचणी झाली. तिचे निकाल 2014 मध्ये आले. निवडलेल्या गावांत संडासांचे प्रमाण सरासरी 9 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेले, पण मुलांचे जुलाब, जंत किंवा वाढ यांत फरक दिसला नाही. तिथे असे म्हणायला जागा होती की बांधले अनेकांनी, वापरले थोड्यांनी. झिंबाब्वेतल्या ‘शाइन’ चाचणीत ती जागाही उरली नाही. चिरुमान्झू आणि शुरुग्वी या दोन ग्रामीण जिल्ह्यांत सुमारे 5,280 गरोदर स्त्रियांपासून सुरुवात करून त्यांची मुले दीड वर्षाची होईपर्यंत पाठपुरावा झाला. चांगला संडास, हात धुण्याच्या दोन जागा, घरपोच साबण आणि क्लोरिन, शिवाय बाळाला मातीपासून दूर ठेवण्यासाठी खेळायची बंदिस्त जागा, असे सारे काही दिले गेले. माझी रिकाम्या डब्याची तक्रार त्या चाचणीला बहुतांशी लागू नव्हती. तरीही 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत स्वच्छतेमुळे ना उंचीत फरक आढळला, ना जुलाबांत. भरवण्याच्या सल्ल्याबरोबर रोज 20 ग्रॅम पोषक पेस्ट मिळालेल्या मुलांत मात्र खुजेपणा 35 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर आला आणि रक्तक्षयही कमी झाला. बांगलादेश व केनियातल्या, त्याच धर्तीच्या दोन चाचण्यांतही उंची वाढली ती आहाराच्या गटांत, आणि आहाराला स्वच्छतेची जोड दिल्याने ती आणखी वाढली नाही.

दुसऱ्या वेळी मी वाटी निवडली. तिचे कौतुक करण्याआधी तिची उणी बाजू सांगणे न्यायाचे होईल. उंचीतला फरक लहान आहे: ‘शाइन’मध्ये झेड-स्कोअर (वयाच्या मानाने उंची सरासरीपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) 0.16 ने वाढला, म्हणजे दीड वर्षाच्या मुलात अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही कमी. खुजी राहिलेली 27 टक्के मुले खुजीच राहिली. आतडे दुरुस्त झाले असेही नाही, कारण दाहाच्या ज्या खुणा विष्ठेत व रक्तात मोजल्या गेल्या त्या कोणत्याच गटात फारशा हलल्या नाहीत. आणि हे यश निव्वळ सल्ल्याचे नसून आयत्या मिळालेल्या पेस्टचेही आहे, हे विसरता येत नाही. ज्या घरात धान्याचा डबाच तळाला गेला आहे तिथे बसून ‘रोज पाच प्रकारचे अन्न द्या’ असे सांगणे हा मला अपमान वाटतो आणि मी तो एक-दोनदा केलेला आहे. शिवाय चुलीवर काय शिजणार हे अनेक घरांत बाळाची आई ठरवत नाही, सासूबाई ठरवतात. त्यांना बाजूला ठेवून केलेली भेट वाया गेली असे खुशाल समजावे.

एवढे असूनही वाटीचे पारडे मला जड वाटते, कारण तिच्यासाठी कुणाला नवे भांडे भरावे लागत नाही. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम 240 मिलिलिटर मावते. आईच्या दुधाखेरीज त्याला वरच्या अन्नातून नऊ ते अकरा महिन्यांत रोज सुमारे 300 आणि वर्षानंतर सुमारे 550 कॅलरी लागतात. घरोघरी दिसणारी लापशी मात्र इतकी पातळ असते की पोट भरते ते पाण्याने. आम्ही घरात गेल्यावर फक्त चमचा मागायला लागलो. लापशी चमच्यात घ्यायची आणि चमचा तिरपा करायचा. ती घरंगळली तर बाळ उपाशी आहे, चमच्याला धरून राहिली तर ठीक आहे. मग तीच लापशी जरा आटवायची, तिच्यात चमचाभर तेल, मोठ्यांसाठी शिजलेल्या डाळीतला खालचा घट्ट भाग, जमेल तेव्हा अंडे. पहिल्यांदा हे केले तेव्हा एका आजीने चमचा माझ्या हातातून घेऊन स्वतः तीनदा तिरपा करून पाहिला आणि सुनेकडे न बघता पातेले पुन्हा चुलीवर चढवले. पुढच्या महिन्यात मी त्या घरी काही सांगितले नाही. शेजारणीला चमचा तिनेच दाखवला होता. डब्याच्या बाबतीत असे एकदाही घडले नव्हते. हे मोजमाप नव्हे, हे मला कळते, पण निर्णय घेताना माझ्या मनात हेच होते.

स्वच्छता मी टाकून दिली असा याचा अर्थ घेऊ नये. बांगलादेशातल्या त्या चाचणीत संडास आणि हात धुणे यांनी जुलाब होणाऱ्या मुलांचे प्रमाण 5.7 टक्क्यांवरून 3.5 टक्क्यांपर्यंत खाली आणले होते. आहाराच्या गटातही ते तितकेच उतरले होते, हा भाग निराळा. तुमच्या भागात पटकीची साथ येत असेल, किंवा बायकांना अंधार पडेपर्यंत थांबून उघड्यावर जावे लागत असेल, तर बाळाच्या उंचीचा हिशेब न मांडता संडास आधी बांधावा. त्याला दुसऱ्या समर्थनाची गरज नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘मुले वाढावीत’ हा हेतू असेल तर संडासावर तेवढा भार टाकू नये, कारण तो भार त्याला पेलत नाही आणि मग चांगली गोष्ट उगीच बदनाम होते.

दोन्ही बाजूंच्या मधल्या काही गोष्टी मी भरवण्याच्याच खात्यात धरतो आणि त्यांचा आग्रह सोडत नाही. पहिले सहा महिने वरचे पाणीसुद्धा न देणे ही माझ्या मते घरातली सर्वांत स्वस्त स्वच्छता आहे. आईला ती पाण्याच्या एकाही खेपेशिवाय करता येते. दुधाची बाटली नको, वाटी-चमचा बरा, कारण बुचाच्या आतली कड घासून निघत नाही आणि वाटीचा तळ डोळ्यांना दिसतो. सकाळी शिजवलेले दुपारी तसेच भरवू नये, पुन्हा उकळी आणावी. बाळाची शी परसात न टाकता संडासात टाकावी. आणि बाळ खाली असेल तेव्हा त्याच्याखाली चटई असावी, ती कोंबड्यांना वर्ज्य असावी, हे शेवटचे जमेल तितके. यातली प्रत्येक गोष्ट बाळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर घडते आणि शेजारच्या घरावर अवलंबून नाही.

जुन्या गावांत काही डबे अजून टांगलेले आहेत. भरलेला दिसला तर मी त्यावर हात धुतो. रिकामा दिसला तर आता काही विचारत नाही, चुलीपाशी जाऊन चमचा मागतो.