स्वस्तात डिमाउंट किट देणारा, आणि माझं गेलेलं खातं

वर्ल्ड ऑफ टँक्स हा ऑनलाइन रणगाड्यांचा गेम फुकटात खेळणाऱ्याला शत्रूपेक्षा स्वतःचं गॅरेज, म्हणजे आपले टँक ठेवायची जागा, जास्त छळतं. फसवणारा शिरतो तोही तिथूनच, म्हणून आधी गॅरेजचा हिशोब सांगतो.

वरच्या टियरच्या (पातळीच्या) टँकवर इक्विपमेंटच्या, म्हणजे टँकची ताकद वाढवणाऱ्या भागांच्या, तीन जागा असतात. माझं खातं गेलं तेव्हा अशा टँकसाठी लागणारा रॅमर (तोफ लवकर भरणारा) किंवा स्टॅबिलायझर (नेम स्थिर ठेवणारा) पाच-सहा लाख क्रेडिटच्या, म्हणजे गेममधल्या साध्या चलनाच्या, घरात जायचा. एक टँक नीट सजवायचा तर पंधरा-अठरा लाख लागायचे. तेच इक्विपमेंट काढून दुसऱ्या टँकवर लावायचं म्हटलं की दर नगामागे 10 गोल्ड (खरे पैसे मोजून घ्यायचं चलन) लागायचं, म्हणजे तिन्हीचे 30. विकलं तर निम्मीच किंमत परत. क्रेडिट लढून मिळतात, पण गोल्ड रोजच्या लढाईतून मिळत नाही. त्यात दहाव्या टियरला दुरुस्ती आणि दारूगोळ्याचा खर्च असा, की हरलेल्या दिवशी क्रेडिटही वजा. 2020 मध्ये इक्विपमेंटची सगळी मांडणी बदलली. कोणती वस्तू कोणत्या जागी बसवली यावरही फायदा कमी-जास्त होऊ लागला, आणि लोडआउट, म्हणजे टँकवरचा इक्विपमेंटचा संच, बदलून बघायची खाज आणखी वाढली.

या 10 गोल्डवर एक तोडगा होता: डिमाउंट किट. एक किट वापरलं की एक नग फुकटात निघतो. मिशन आणि इव्हेंटमधून ती अधूनमधून मिळायची, आणि पुरायची कधीच नाहीत.

एका प्लॅटूनमध्ये (एकत्र लढणाऱ्या खेळाडूंच्या छोट्या गटात) ओळख झालेल्या खेळाडूने मला नेमकं यावरच विचारलं. "भाऊ, एवढं गोल्ड डिमाउंटवर कशाला जाळतोस? माझ्याकडे किट पडून आहेत. निम्म्यात देतो." माणूस खेळात तरबेज होता. कोणत्या टँकला टर्बो (इंजिनचा जोर वाढवणारा भाग) लावावा आणि कुठे व्हेंट (आतली हवा खेळती ठेवणारा) पुरे, यावर तो जे बोलायचा ते खरंही निघायचं. ठग अडाणी असतो या समजाने बरेच जण गाफील राहतात. हा माझ्यापेक्षा चांगला खेळायचा.

आता या लेखातली कामाची गोष्ट. या गेममध्ये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात किट जातच नाही. क्रेडिट जात नाहीत, इक्विपमेंट जात नाही. खेळाडू-खेळाडूंमध्ये बाजार नावाची सोयच नाही. अधिकृत दुकानातून काही पॅकेज दुसऱ्याला भेट म्हणून पाठवता येतात, बस. म्हणजे "माझ्याकडची किट देतो" हे वाक्यच अशक्य आहे, देणारा प्रामाणिक असला तरी. वेगळा गेम खेळत असाल तर तिथले नियम वेगळे असतील. काही गेममध्ये सुटे भाग खुल्या बाजारात विकता येतात. पण पैसे द्यायच्या आधी प्रश्न एकच विचारायचा: ही वस्तू माझ्या गॅरेजमध्ये कोणत्या दाराने येणार?

हा प्रश्न मी विचारलाही. त्याचं उत्तर तयार होतं. आधी त्याने थोडं गोल्ड खरोखरच भेट पाठवलं, अधिकृत दुकानातून. खात्यात जमाही झालं. गळाला लावलेलं गांडूळ खरंच असतं. मग म्हणाला, "गोल्ड भेट देता येतं, किट नाही. ती मिशन खेळूनच मिळवावी लागतात. तुझ्या खात्यावर मी मिशन पूर्ण करून देतो, तू फक्त लॉगिन दे." अशक्य गोष्ट एका वाक्यात शक्य वाटू लागली, आणि विक्री चालली होती ती किटची नाही, माझ्या पासवर्डची, हे बाजूला पडलं.

पुढचं सगळं घाईत झालं. तो म्हणत राहिला: इव्हेंट रात्री संपतोय. पैसे गिफ्ट कार्डाच्या कोडने दे, बँकेतून वेळ लागतो. (गिफ्ट कार्डाचा कोड एकदा वापरला गेला की पैसे परत मिळवणं जवळजवळ अशक्य होतं, त्याला तेच हवं होतं.) दोन टप्प्यांची सुरक्षा थोडा वेळ बंद कर, नाहीतर गेम लॉगिन अडवतो. मेलवर कोड आला की लगेच सांग. तो कोड लॉगिनचा नव्हताच. खात्याचा मेल पत्ता बदलण्याच्या विनंतीचा होता, आणि मेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलंही होतं. चॅटमध्ये समोरून "आला का? आला का?" चालू असताना मेल पूर्ण कोण वाचतो? फसवणाऱ्याचा अर्धा धंदा या "आला का"वर चालतो.

त्यानंतर मी खात्याबाहेर आणि तो आत.

सपोर्टला तिकीट टाकलं. खातं दुसऱ्याला वापरायला देणं नियमाविरुद्ध आहे, हे त्यांनी आधी ऐकवलं. नियम आहेच, त्यात वाद नाही. मग मालकीचे पुरावे मागितले. खातं उघडलं तेव्हाचा मेल पत्ता आणि जुन्या खरेदीच्या पावत्या कामी आल्या. पावत्यांचे मेल मी कधी पुसले नव्हते, केवळ आळसामुळे. खातं परत मिळालं, पण काही टँक विकलेले, क्रेडिट उडवलेले. आणि एक वेगळाच धक्का: भेट म्हणून आलेलं ते गोल्डही काढून घेतलेलं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी कार्डावरून, मालकाच्या नकळत घेतलेलं होतं. अशा वेळी कार्डमालक बँकेकडे तक्रार करतो, बँक व्यवहार उलटवते, आणि गेम चालवणारे तो माल ज्याच्या खात्यात असेल तिथून उचलतात. वर त्या खात्याकडेही संशयाने बघितलं जातं. म्हणून "आधी गोल्ड घे, मग विश्वास ठेव" म्हणणारा भेटला तर ते गोल्डसुद्धा घेऊ नका. गिफ्ट कार्डाचे पैसे अर्थातच गेले.

कमी पैशात लोडआउट बदलण्याचे सरळ मार्ग कंटाळवाणे आहेत, पण आहेत. मी आता पूर्ण संच तीन-चार टँकवरच ठेवतो, बाकीचे जसे आहेत तसे चालवतो. इक्विपमेंटवर सवलत लागते तेव्हाच खरेदी करतो. डिमाउंट फुकट किंवा स्वस्त असण्याचे दिवस मधूनमधून येतात. कोणती वस्तू कुठे हलवायची याची यादी आधीच करून ठेवली तर एका बैठकीत गॅरेज लावून होतं. मिळालेली किट महागड्या नगांसाठी राखतो. सहाव्या टियरपासून 2021 मध्ये दुसरा लोडआउट ठेवायची सोय आली, पण तो संच भरायलाही क्रेडिट लागतात, त्यामुळे ती चैन एखाद्या आवडत्या टँकपुरतीच.

कुणाचं खातं आत्ताच गेलं असेल तर आधी मेलचा पासवर्ड बदला, गेमचा नंतर. मेल फसवणाऱ्याच्या हातात असेल तर गेमचा पासवर्ड बदलून उपयोग नाही. तोच पासवर्ड इतर कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला. चॅट पुसू नका. रागाच्या भरात मी त्याला ब्लॉक केलं आणि त्याने टोपणनाव बदललं. तिकिटात लिहायला माझ्याकडे जुनं नावच उरलं होतं. आधी स्क्रीनशॉट घ्या, खेळाडूचा आयडी क्रमांक टिपून ठेवा, तो नावाबरोबर बदलत नाही. मग खुशाल ब्लॉक करा.