मेणाखाली दडवलेला ओलावा

‘पूर्ण वाळलेले शिसव’ म्हणून ओला माल गळ्यात मारून एका विक्रेत्याने माझे 23,940 रुपये घेतले. त्यांपैकी 21,600 सहा ठोकळ्यांचे आणि 2,340 वाहतुकीचे. आगाऊ रक्कम, ‘शेवटचाच माल’ आणि गोड बोलणे हा क्रम सर्वांना ठाऊक असल्याने तो पुन्हा सांगत बसत नाही.

लेथवर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) भांडी कोरणाऱ्या माझे ओल्या लाकडाशी वैर नाही. ओल्या ठोकळ्याची भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवून भांडे ढोबळ कोरायचे, काही महिने सावलीत वाळवायचे आणि मग पुन्हा चकवर (लेथच्या लाकूड पकडणाऱ्या जबड्यात) धरून बारीक करायचे, ही रुळलेली पद्धत आहे. परंतु वाळलेल्याचा भाव मोजून घेतलेल्या लाकडाला ही सवड कोण देईल? मी दोन घट थेट 5 मिलिमीटर भिंतीपर्यंत कोरले. लाकूड वाळताना वलयांच्या रोखाने, गाभ्याकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट आकसते. त्यामुळे आठवडाभरात पहिल्याचे तोंड लंबगोल झाले आणि दुसऱ्याला गळ्यापासून बुडापर्यंत तडा गेला.

ज्या क्षणी हे कळायला हवे होते, तो आठवला की आजही संताप होतो. बाहेरून छिन्नी चालवताना कोरडा, भुसभुशीत कीस पडत होता. आत चार बोटे उतरल्यावर मात्र कीस गोळा होऊन 30 मिलिमीटरच्या तोंडात अडकू लागला. लेथ थांबवून तो बोटांनी उपसला, तेव्हा तो गार आणि चिकट लागला, आणि शिसवाचा तेलकटपणा असेल असे मानून मी यंत्र पुन्हा सुरू केले. शिसव तेलकट असतेच, त्यामुळे अनुभवी कातारीही तसेच समजला असता, असे मी आजही म्हणेन. मात्र कोरड्या लाकडाचा कीस मुठीत दाबला तर सुटा होतो, गोळा धरत नाही, हे लक्षात ठेवा.

त्यातून विक्रेत्याने व्हिडिओवर ओलावामापक लावून 10 टक्के दाखवले होते. हे यंत्र दोन सुयांमधला विजेचा विरोध मोजते, विरोध जास्त तितके लाकूड कोरडे दाखवते; ठोकळ्यांवर मात्र मेणाचा थर होता आणि मेणातून वीज जवळजवळ वाहत नाही. सुया मेणातच टेकवल्या की हवा तो आकडा मिळतो. मेण खरवडायला लावा, किंवा त्याहून बरे म्हणजे ठोकळ्याचे टोक कापून ताज्या कापावर सुया रोवायला सांगा. वजनही आधीच विचारा: 200 मिलिमीटर व्यासाचे आणि 250 उंचीचे सहा वाळलेले ठोकळे मिळून 39 किलोच्या आसपास भरतात, आणि माझ्या वाहतूक पावतीवर 47 लिहिले होते. ती पावती मी केवळ भाडे पाहण्यासाठी उघडली होती.

नंतर आतला 40 ग्रॅम कीस 103 अंशांवर, वजन घटायचे थांबेपर्यंत तापवला. उरले 27 ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या 48 टक्के ओलावा.

हा हिशोब घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘माल मिळाला ना, मग फसवणूक कसली?’ असे विचारून मला परत पाठवण्यात आले. बँकेने सांगितले की पैसे मी स्वतःच्या हाताने पाठवले आहेत. ग्राहक तक्रार कक्षाने प्रथम बिलावर ‘वाळलेले’ हा शब्द नाही म्हणून हरकत घेतली (तुम्ही ओलाव्याची टक्केवारी बिलावर लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका), नंतर अधिकृत चाचणी अहवाल मागितला, आणि शेवटी कळवले की वस्तूचे मूळ स्वरूप मीच लेथवर बदलल्यामुळे दोष विक्रेत्याचा होता हे ठरवता येत नाही. कोरल्यावाचून आतला ओलावा दिसत नाही आणि कोरले की तक्रार बाद होते. मग ग्राहकाने ठोकळ्याच्या पोटात शिरावे कसे, हे त्या कक्षातल्या एकाही माणसाला सांगता आले नाही.

आता उरलेले चार ठोकळे ‘आहेत त्या स्थितीत’ जपून ठेवण्याची लेखी सूचना आली आहे, तपासणीची तारीख मात्र दिलेली नाही. मी त्यांचे वजन दर पंधरवड्याला नोंदवतो आणि ते दर वेळी कमी भरते. तपासणीस कधीतरी येईल तेव्हा ते खरोखरच वाळलेले असतील आणि विक्रेता निर्दोष ठरेल.