उभी गाडी, सोलापूरचं ऊन आणि स्मार्ट बॅटरी चार्जर: दिवाळीपासून वापरतेय, त्याचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. चार्जर चांगला निघाला, घेतल्याचं वाईट वाटत नाही. पण खोक्यावर लिहिलंय तसं ‘जोडा आणि विसरून जा’ हे सोलापुरात करू नका, निदान मार्च ते जूनमध्ये तरी. आपल्याकडे पंधरवड्यातून एक रात्र लावला की काम होतं. का, ते पुढे येईलच.

आमची गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची (हे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप). राहायला जुळे सोलापूर. रोजची सगळी कामं स्कूटीवर होतात, सात रस्ता नाहीतर नवी पेठेत कार घेऊन जायची हौस कुणालाच नाही. पुण्याला जायचं तर वंदे भारत नाहीतर हुतात्मा. कार निघते ती तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर किंवा कुणाच्या लग्नाला. मग ती पोर्चमध्ये तीन-तीन आठवडे हलत नाही आणि नेमकं नटूनथटून निघायच्या वेळी किल्ली फिरवली की टक-टक-टक. सेल्फ घेतच नाही.

यावर आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, ठरलेला उपाय होता: अधूनमधून सकाळी दहा मिनिटं गाडी सुरू करून ठेवायची. निम्मं सोलापूर हेच करतं. पण याचा हिशोब जुळत नाही. सेल्फ मारताना बॅटरीतून दीडशे-दोनशे अँपिअर ओढले जातात, ते सेकंद-दोन सेकंद. एवढ्यानं फार तर ०.१ अँपिअर-अवरच्या आसपास खर्च होतो, आणि डायनमो ते लगेच भरून देतो. खरा खड्डा असतो आधीच्या तीन आठवड्यांत झिरपून गेलेल्या सतरा-अठरा अँपिअर-अवरचा. तो दहा मिनिटांत बुजत नाही, कारण शिशाची बॅटरी घाईनं भरून घेत नाही. पहिला ऐंशी टक्के भाग बऱ्यापैकी लवकर भरतो, पण पुढचे वीस टक्के तासन्‌तास खातात. पोत्यात ज्वारी भरताना शेवटची पायली ठोकून ठोकून बसवावी लागते, तसं. शिवाय जागेवर चालणाऱ्या इंजिनात ऑइल नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी धरतं आणि पेट्रोल जळतं ते वेगळंच. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये तर हा उद्योग जिवावर बेतेल. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आबांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यांच्या फियाटला हे सगळं कधी लागलं नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. फियाटमध्ये किल्ली काढली की वीज खाणारं काही उरायचंच नाही. आताच्या गाडीत लॉकचा रिसीव्हर, सायरन, म्युझिक सिस्टिमची मेमरी, इंजिनचा कॉम्प्युटर, सगळे एक डोळा उघडा ठेवून झोपतात.

किती खातात ते आमच्या इलेक्ट्रिशियननं मोजून दाखवलं. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला, दारं लॉक केली आणि चहा घेऊन येईपर्यंत हात लावू नका म्हणाला. सुरुवातीला आकडा बराच मोठा होता, अर्ध्या तासानं गाडी ‘झोपली’ तेव्हा पस्तीस मिलिअँपिअरच्या आसपास येऊन थांबला. (मीटर असा जोडलेला असताना दार उघडायचं नाही, किल्ली तर मुळीच फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज जातो.) पस्तीस मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.८४ अँपिअर-अवर. ३५ची बॅटरी तीन आठवड्यांत अर्ध्यावर. गाडीत काही बिघाड नव्हता, हे एवढं खाणं नॉर्मलच आहे. डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर कायम सप्लायवर जोडला असेल तर याहून लवकर बसेल.

आता चार्जरबद्दल. १२ व्होल्टचा, ४ अँपिअर आणि ०.८ अँपिअर अशा दोन पट्ट्या, साधी बॅटरी, एजीएम (काचेच्या तंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवलेली बॅटरी) आणि लिथियम असे तीन मोड. साडेतीन हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच पठडीतले बहुतेक सगळे असेच चालतात. आधी ठरलेला करंट देत व्होल्टेज १४.४ पर्यंत नेतो, मग १४.४ धरून ठेवतो आणि करंट आपोआप घटत जातो, शेवटी १३.६ वर उतरून नुसती राखण करतो. बॅटरीच्या दुकानात असतो तो लोखंडी पेटीतला जुना चार्जर असा थांबत नाही. तो बॅटरी भरल्यावरही ढकलतच राहतो, म्हणून तो गाडीतून बाहेर काढलेल्या बॅटरीलाच आणि समोर माणूस उभा असतानाच लावावा.

दुकानदार म्हणाला होता, “कशाला ओ वहिनी एवढा खर्च? बॅटरी बसली की माझ्याकडं आणून टाका की, सकाळी घेऊन जावा.” धंद्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण अर्ध्याखाली उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि क्षमता कायमची जाते. बसल्यावर भरण्यापेक्षा बसू न देणं, यासाठीच हे पैसे.

फरक पडतो का, तर हो. सोबत एक साधा डिजिटल मीटर ठेवलाय. रात्रभर उभ्या गाडीवर, काहीही चालू नसताना, १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ वर आली म्हणजे पावच उरली. दिवाळीनंतर पहिल्यांदा जोडला तेव्हा आकडा १२.२ ला टेकला होता. चार अँपिअरवर लावला तो रात्री उशिरा हिरवा झाला. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर खूश होऊ नका. काही तास थांबून बघा. तेव्हापासून १२.३ च्या खाली उतरू दिलेलं नाही आणि जंपर केबल डिकीतच पडून आहे.

जोडायची पद्धत. बॅटरी भरत आली की हायड्रोजन सुटतो, हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो. म्हणून ठिणगी बॅटरीजवळ पडता कामा नये. आधी लाल चिमटा पॉझिटिव्हला, मग काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या धातूवर, आणि शेवटी भिंतीतला प्लग. काढताना उलट, आधी प्लग. थांबलं की आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, तिथे तर काळा चिमटा बॉडीलाच हवा, नाहीतर भरलेला चार्ज गाडीच्या हिशोबात येत नाही. मी चिमट्यांचा खेळ चार-पाच वेळा करून कंटाळले आणि सोबत आलेली फ्यूजवाली वायर टर्मिनलला कायमची कसून घेतली. आता बोनेटच्या पुढच्या कडेला सॉकेट लोंबतं, त्यात नुसतं टोक घालायचं. कसताना टर्मिनलवर निळसर पांढरी बुकटी जमलेली होती, ती खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं जुन्या टूथब्रशनं घासून काढली आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवला. नुसत्या या सफाईनंसुद्धा सेल्फ टणक झाला.

लोक आगीला घाबरतात ते लोडमुळे. लोड काहीच नाही, भिंतीतून शंभर वॉटसुद्धा घेत नाही. भीती आहे ती जोडाची आणि पाण्याची. आमच्या भागात नळाला पाणी आलं की घरोघरी पाइप निघतो, पोर्च, गाडी, झाडं सगळं धुऊन निघतं, आणि त्यातच जमिनीवर टेप गुंडाळलेला एक्स्टेन्शन बोर्ड. म्हणून चार्जर भिंतीला खिळ्यावर टांगलाय, तीन पिनांचा प्लग थेट पोर्चमधल्या सॉकेटमध्ये जातो, अर्थिंग तपासून घेतलंय आणि मीटरपेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आहे. ज्यांचं गॅरेज बंदिस्त आहे त्यांनी शटर अर्धं वर ठेवावं. कुजक्या अंड्यासारखा वास आला, बॅटरी फुगलेली दिसली किंवा हाताला गरम लागली तर प्लग काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही. ती बॅटरी गेली. एजीएमचा मोड साध्या बॅटरीला नको, लिथियमचा तर अजिबात नको. ‘रिपेअर’ नावाचं बटण मी दाबलेलंच नाही. असल्या मोडमध्ये काही चार्जर व्होल्टेज १५ च्या वर नेतात, बॅटरी गाडीला जोडलेली असताना ते करू नये.

आणि आता उन्हाळा. इंटरनेटवर या चार्जरबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं. त्यांना हिवाळ्यात गाडी सुरू होईना, म्हणून ते महिनोन्‌महिने जोडून ठेवतात. आपलं दुखणं उलटं आहे. डिसेंबरात सोलापूरची बॅटरी मजेत असते, तिचा जीव जातो मे महिन्यात, पारा ४२-४३ वर असताना. उष्णतेनं दोन गोष्टी होतात. एक, बॅटरी आपली आपणच लवकर उतरते. दर १० अंशांमागे हा वेग साधारण दुप्पट धरतात. दुसरी जास्त महत्त्वाची. १३.६ हा राखणीचा आकडा २५ अंशांसाठीचा आहे. तापमान अंशानं वाढलं की १२ व्होल्टच्या बॅटरीला तो साधारण २० मिलिव्होल्टनं कमी हवा. ४२ अंशांला म्हणजे १३.२५ च्या आसपास. मी डिसेंबरच्या पहाटे मीटर लावून पाहिला होता: १३.६. एप्रिलच्या दुपारी, पोर्चचा पत्रा तापलेला असताना पाहिला, तरी १३.६. म्हणजे या यंत्राला गरमी कळत नाही. तसाच आठवडाभर जोडून ठेवला तर आतलं पाणी हळूहळू उडत राहणार आणि आपली बॅटरी मेंटेनन्स-फ्री, वरून डिस्टिल्ड वॉटर घालायची सोय नाही. महाग चार्जरांत तापमान ओळखणारा सेन्सर असतो. सोलापूर, विदर्भ, मराठवाडा इथल्यांनी हजार-पाचशे जास्त गेले तरी तोच घ्यावा, मला आज घ्यायचा असता तर मी तोच घेतला असता.

तोवर माझी पद्धत अशी: उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा, रात्री जेवणं झाल्यावर लावायचा, सकाळी दूध घ्यायला बाहेर आलं की काढायचा. पंधरा दिवसांत गेलेले बारा-तेरा अँपिअर-अवर एका रात्रीत आरामात भरतात. हिवाळ्यात दोन-तीन दिवस राहिला तरी हरकत नाही. विजेचं बिल म्हणाल तर जाणवतच नाही.

एक खरी तक्रार आहे. लाईट जाऊन आली की हा मोड लक्षात ठेवतो, पण सुरुवात पुन्हा पहिल्यापासून करतो. भरलेल्या बॅटरीलाही परत १४.४ दाखवून मगच खाली उतरतो. एखाद-दोनदा चालून जातं. पण वळवाचा पाऊस आला की लाईटचा लपंडाव चालतो, तेव्हा दर वेळी १४.४. अशा रात्री मी लावतच नाही. बाकी किरकोळ: वायर आखूड आहे, गाडी तोंड आत करून लावली तरच पुरते, आणि दिवसा हिरवा दिवा उन्हात दिसत नाही, हाताची सावली धरावी लागते.

कुणी घेऊ नये? ज्यांची गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग रस्त्यावर धावते, त्यांना गरज नाही. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये प्लग नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायचा विचार असेल तर कृपया नको. महिनाभर गावाला चाललात तर दहा नंबरचा पाना घ्या आणि निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा, फुकटात काम होतं. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं परत लावावी लागतात, काही गाड्यांत काचेचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं, सायरन मुका होतो. आम्ही दर पंधरा-वीस दिवसांनी गाडी काढतो, म्हणून मला हा खटाटोप नको होता. आणि बॅटरी चार-पाच वर्षांची होऊन थकली असेल तर चार्जर तिला तरुण करणार नाही. साडेतीन हजार तिकडे घालण्यापेक्षा थोडे वाढवून नवी बॅटरीच घ्या.

स्कूटीचं विचारतील म्हणून लिहिते. चालतो, पण ०.८ च्या पट्टीवरच. तिची बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची, तिला ४ अँपिअर म्हणजे मारच. माझ्या चार्जरमध्ये दोन बटणं शेजारी शेजारी आहेत आणि अक्षरं बारीक, त्यामुळे ०.८ च्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय.