हागार, तामार आणि गटात वाचण्याच्या चार वाटा

अत्याचारातून बाहेर पडलेल्या बायका, घरकाम करणाऱ्या बायका, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्यांना मागच्या बाकावरही धड जागा मिळत नाही अशी माणसं. यांच्यासोबत बायबल वाचायला बसायचं म्हटलं की बहुतेक जण आधी उतारा शोधायला लागतात. मी म्हणेन, उतारा नंतर बघा, आधी वाचायची पद्धत ठरवा. ‘स्त्रियांच्या नजरेतून वाचन’ या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या वाटा आहेत. भलत्या गटात भलती वाट धरली तर ज्यांना आधार द्यायला गेलो त्यांनाच लागतं. माझ्या हातून ते झालेलं आहे, पुढे सांगते.

पहिली वाट सगळ्यात सोपी: झाकल्या गेलेल्या बायका शोधून पुढे आणायच्या. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल युनियाचा उल्लेख प्रेषितांमध्ये नावाजलेली म्हणून करतो. विसाव्या शतकातल्या कित्येक इंग्रजी भाषांतरांनी तिचा ‘युनियास’ नावाचा पुरुष करून टाकला होता. १९८९ च्या न्यू रिवाइज्ड स्टँडर्ड भाषांतरात ती पुन्हा बाई झाली. त्याच अध्यायातल्या फीबी या बाईसाठी ‘डायकोनोस’ हा ग्रीक शब्द आहे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात ती नुसती ‘सेवक’ होते, आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या सुरुवातीला तोच शब्द आला की त्याचा ‘डीकन’ होतो, म्हणजे पदच! मंडळीत बायकांनी बोलावं की नाही यावर वाद चालू असेल तर ही उदाहरणं फार कामाची. पाळकांनाही, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनाही, पचतात, कारण इथे ग्रंथाशी भांडण नाही, भाषांतराशी आहे.

पण ही वाट जिंकलेल्या बायकांची आहे. सलाफहादच्या पाच मुली इस्राएलांचा पुढारी मोशे याच्यासमोर उभ्या राहून वडिलांचं वतन मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे (गणना हे पुस्तक, अध्याय २७). हे वाचून गटात टाळ्या पडतात. नऊ अध्याय पुढे गेलं की त्याच मुलींना लग्न आपल्याच वंशात करण्याचं बंधन येतं, जमीन बाहेर जाऊ नये म्हणून. ते सहसा कुणी वाचून दाखवत नाही. आणि जिला काहीच मिळालं नाही, तिने या यादीत स्वतःला कुठे शोधायचं?

दुसरी वाट संशयाची. ही गोष्ट कोण सांगतंय, कुणाच्या फायद्याची आहे, कोण गप्प आहे, हे विचारत वाचायचं. अमेरिकेतल्या स्त्री-हक्क चळवळीतल्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी ‘द वुमन्स बायबल’ १८९५ आणि १८९८ मध्ये दोन भागांत काढलं, तेव्हा अमेरिकेतल्या मताधिकारवाल्या बायकांच्या संघटनेनेच १८९६ साली ठराव करून त्यापासून हात झटकले. पुढे १९८० च्या दशकात एलिझाबेथ शूस्लर फिओरेन्झा आणि फिलिस ट्रिबल या बायबल अभ्यासकांनी या वाचनाला भक्कम अभ्यासाची बैठक दिली. शास्ते या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातली उपपत्नी घ्या. तिला नाव नाही, अख्ख्या अध्यायात एक वाक्य नाही, आणि शेवटी तिच्या देहाचे बारा तुकडे करून इस्राएलभर पाठवले जातात. हे भक्तिभावाने वाचता येत नाही, वाचूही नये.

तयारी करणाऱ्याला ही वाट आलीच पाहिजे. मात्र गटात नेताना जपून. जिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं बायबलच तेवढं आहे, तिच्या हातातून तेही काढून घेतल्यासारखं होतं. दुसरा एक खड्डा फारसा बोलला जात नाही: ‘यहुदी धर्म बायकांना दाबणारा आणि येशू सोडवणारा’ अशी सोपी मांडणी. मार्क ५ मधली बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली बाई शिकवताना ‘येशूने अशुद्धतेचे नियम मोडले’ असं सर्रास सांगतात. त्या उताऱ्यात अशुद्धतेचा शब्दही नाही. वैद्यांवर सगळा पैसा गेला, गुण काही आला नाही, हे आहे. एका उपेक्षिताला उचलताना दुसऱ्या समाजाला खाली ढकलायची गरज नाही.

तिसरी वाट आफ्रिकी-अमेरिकी बायकांनी पाडली. त्या स्वतःला ‘वुमनिस्ट’ म्हणवतात. त्यांचं म्हणणं असं की ‘बाई’ म्हणून वाचताना आपण आपसूक मालकिणीच्या बाजूने वाचतो. त्यांच्यातल्याच धर्मशास्त्रज्ञ डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये हागारला मध्यभागी आणलं, आणि त्यानंतर उत्पत्तीचा सोळावा अध्याय मला पूर्वीसारखा वाचताच आला नाही.

हागार मिसरी दासी आहे. तिची मालकीण साराय तिला आपल्या नवऱ्याला, अब्रामला देते, मूल व्हावं म्हणून. या अध्यायात दोघेही तिला नावाने हाक मारत नाहीत, ‘दासी’च म्हणतात. पहिल्यांदा ‘हागार’ म्हणतो तो रानातल्या झऱ्याशी भेटलेला देवदूत. साराय तिचा छळ करते तिथे जो हिब्रू धातू आहे तोच निर्गमच्या पहिल्या अध्यायात मिसरी लोक इस्राएलांना जाचतात तिथे आहे. एवढंच नाही, आदल्याच अध्यायात देव अब्रामला सांगतो की तुझ्या वंशजांना परक्या देशात चारशे वर्षं असंच जाचतील. पान उलटलं की त्याच्याच घरात परदेशी बाईला जाच! आणि ही दासी देवाला नाव देते, ‘मला पाहणारा देव’. बायबलमध्ये देवाला असं नाव देणारी पहिली व्यक्ती तीच.

इथवर सगळं छान. मग येतं नववं वचन: मालकिणीकडे परत जा आणि तिच्या हाताखाली नमून राहा. ‘नमून राहा’ला मुळात तोच छळाचा धातू. एका गटात मी हे वचन घाईने ओलांडत होते. नवऱ्याचं घर सोडून आलेली एक बाई म्हणाली, “म्हणजे मी पण परत जायचं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. विल्यम्स इथे सारवासारव करत नाहीत. त्या म्हणतात, इथे देव सुटका करत नाही. हागारला जगून राहायला मदत करतो. हे उत्तर ज्यांनी उपाशी दिवस काढलेत त्यांना लगेच पटतं, सुखवस्तू गटाला कडू लागतं. मिश्र गटात मालकिणी आणि कामवाल्या शेजारी बसल्या असतील तर ही वाट सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेची. फक्त एका बैठकीत उरकू नका.

चौथ्या वाटेवर वाचणाऱ्याचं नाव महत्त्वाचं नाही, गोल करून बसणं महत्त्वाचं आहे. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल विद्यापीठातल्या उजामा सेंटरने, जेराल्ड वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००० साली तामार मोहीम सुरू केली. उतारा शमुवेलाचं दुसरं पुस्तक, अध्याय १३: दावीद राजाची मुलगी तामार, आणि तिच्यावर बलात्कार करणारा सावत्र भाऊ अम्नोन. प्रवचन नाही. उतारा मोठ्याने वाचायचा, मग प्रश्न. पहिला प्रश्न मोकळा: गोष्ट कशाबद्दल आहे? मधले प्रश्न उताऱ्यात बोट घालणारे: यातल्या एकेका पुरुषाने काय केलं? तामार काय म्हणाली, काय केलं? शेवटचे प्रश्न पुन्हा आपल्याकडे: आपल्यात अशा तामार आहेत का, आणि आपण काय करणार?

‘एकेका पुरुषाने काय केलं’ यावर गट पेटतो. अम्नोनचा मित्र योनादाब डाव सुचवतो. बाप स्वतः तिला अम्नोनकडे रांधायला पाठवतो, नंतर रागावतो आणि करत काहीच नाही. नोकर दाराला अडसर लावतो. तामारचा सख्खा भाऊ अबशालोम म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. तामार त्याआधी नीट, मुद्देसूद बोललेली असते. या वाक्यानंतर ती पुन्हा बोलत नाही. अम्नोन तिला हाकलतो तेव्हा हिब्रूत फक्त ‘हिला’ असा शब्द आहे. कित्येक भाषांतरं सभ्यपणे ‘या बाईला’ अशी भर घालतात. मराठी बाईला ते ‘हिला’ समजावून सांगावं लागत नाही.

या वाटेला लिहिता-वाचता येणं लागत नाही, पाळक नसला तरी चालतं. लागतात ते दीड-दोन तास, आणि प्रश्न विचारून स्वतः गप्प बसू शकणारी एक बाई. शिकलेल्यांना हेच जड जातं. धोका एकच, पण मोठा: कुणीतरी पहिल्यांदाच स्वतःचं सांगेल. त्या वेळी तिला सोबत घेऊन बसणारं माणूस, समुपदेशक आणि राहायच्या सुरक्षित जागेची माहिती तयार नसेल तर तामार काढूच नका.

मग निवडायचं काय? मंडळीतल्या अधिकाराचा वाद असेल तर युनिया-फीबी, दुसरं काही नको. कॉलेजातला किंवा सेमिनरीतला (पाळक घडवणाऱ्या विद्यालयातला) गट असेल तर संशयाची वाट बेधडक घ्या. गटात जात, वर्ण किंवा पैशाची उतरंड हजर असेल तर हागार, तीन-चार बैठका हाताशी ठेवून. दुखावलेल्या बायका असतील तर तामार, गोलात, आणि संशयाच्या वाटेचा सगळा अभ्यास घरीच करून या. तिथे तो बोलून दाखवायचा नाही, प्रश्न नेमके पडावेत एवढ्यापुरताच तो.

एकच संध्याकाळ मिळणार असेल तर तामारच घ्या. हागार त्या दिवशी नको. नवव्या वचनापाशी थांबायला वेळ लागतो.